पौषातलं बिऱ्हाड

२३ नोव्हेंबर, रविवार

टेम्पो रिकामा परत गेला. दुसऱ्यांदा!

गुलजारभाई सकाळी सातला गेटवर हजर. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, टेम्पोत सुतळी, जुन्या गोधड्या, सगळी तयारी. मी भांड्यांची पोती बांधून बसलेली. आणि आमचे साहेब बंगल्याला वळसा घालून येतात आणि म्हणतात, "भाऊ, आज न्हाई जमायचं. शेट न्हाई म्हनले."

शेट न्हाई म्हनले! अठरा वर्षं हेच ऐकतेय. शेट म्हनले, शेट न्हाई म्हनले.

गुलजारभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, येत्या खेपंला आधी शेटला इचारा, मग मला फोन करा." चहा पिऊन गेले बिचारे. मी पोतं सोडून तवा परत काढला. नाहीतर दुपारच्या भाकरी कशावर भाजणार, शेटच्या डोक्यावर?

२४ नोव्हेंबर, सोमवार

अजून डोकं तापलेलंच आहे. लिहून काढते. ही डायरी शेटच्या मॅडमनी टाकून दिलेली, सहा वर्षांपूर्वीची. तारखा छापलेल्या, वार सगळे चुकीचे. मी खोडून बरोबर लिहिते. या घरात वार तरी माझ्या हातात आहेत.

मळवलीत शेटचा बंगला. बंगल्याच्या मागे दोन खोल्या, त्यात आम्ही. कैलास बंगला सांभाळतो. (इथे नावाने लिहिते. तोंडावर "अहो".) मी पाहुण्यांचं रांधते. सासूबाई म्हणजे आत्याबाई हुकूम सोडतात. कोमल इथेच रांगली, इथेच शिकली, आता पुण्याला नर्सिंगच्या होस्टेलवर.

आणि परंदवडीला माझं घर! माझ्या माहेरात, भावाने दिलेल्या तुकड्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे अंगण. अठरा वर्षं दुसऱ्यांना पिठलं-भाकरी घातली त्यातून उभं राहिलं. दसऱ्याला रंग झाला. कैलासला तळेगावच्या कंपनीत गेटवर काम पण ठरलंय. तेव्हापासून फक्त निघायचं बाकी आहे. फक्त!

एकच सांगते. संक्रांतीचं हळदीकुंकू मी माझ्या दारात करणार. इथे कधी करता आलं नाही. "गेटवर गर्दी नको." सवाष्णी म्हणजे काय मोर्चा आहे?

५ डिसेंबर, शुक्रवार

थंडी मरणाची. सकाळी लोहगड दिसत नाही धुक्यात. धुणं घातलं. मोठ्या दोन गोधड्या, चादरी, परकर, साड्या. ऊन आलं तसं जीवात जीव आला.

अकराला गेटवर हॉर्न. दोनदा, छोटा. शेटची खूण. झालं! धावले. दोरीवरचं सगळं ओढून काढलं, ओल्या गोधड्या कवेत घेऊन मागच्या खोलीत. नियमच आहे — शेटची गाडी गेटात, की दोरी रिकामी. पाहुण्यांना व्ह्यू लागतो म्हणे. म्हणजे माझ्या परकराने लोहगड झाकला जातो! धुक्याला जेमतेम जमतं ते माझ्या परकराला जमलं.

शेट पाऊण तास थांबले, चहा घेतला, फोनवर बोलले, गेले. तोवर ऊन झाडामागे. गोधड्या खोलीत अंथरल्या, आता कुबट वास मारतायत. परंदवडीला मी दोरी पुढच्या दारात बांधणार. अगदी रस्त्याला लागून. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर परकर फडफडला पाहिजे.

११ डिसेंबर, गुरुवार

नवीन काढलंय. पौष!

दुपारी जेवताना आत्याबाई एकदम म्हणाल्या, "पौष लागतुया. पौषात बिऱ्हाड हलवत न्हाईत." मी म्हटलं, मग दहा दिवस आहेत, आधीच जाऊ. तर लगेच कैलास — "शेटनी थर्टी फर्स्ट पत्तुर थांबाया सांगितलंय. पाव्हनं हायेत." म्हणजे इकडे शेट, तिकडे पौष. पौष संपणार अठरा जानेवारीला. संक्रांत चौदाला. वा! दोघांनी मिळून माझं हळदीकुंकू बरोबर मधल्या खड्ड्यात घातलं.

गंमत म्हणजे आत्याबाई पौष कधी मानत होत्या? मागच्या पौषात म्हैस विकत घ्यायला निघाल्या होत्या. आडमुठ्या त्या आडमुठ्याच. सुनेचं काही व्हायचं म्हटलं की यांना पंचांग आठवतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सापडलं! भांडी घासताना सापडलं.

आई करायची. मुहूर्त टळत असेल तर प्रस्थान ठेवायचं. आधीच्या चांगल्या दिवशी देव, पाण्याचा हंडा आणि तांदूळ-हळकुंड-सुपारीची पुरचुंडी पुढे नेऊन ठेवायची. देव गेले म्हणजे घर गेलं. मागून जातं ते नुसतं सामान. सामानाला कुठला आलाय पौष?

आत्याबाईंना सांगितलं. वाटलं, आता फणा काढतील. तर म्हणाल्या, "व्हय की. तसं चालतं." इतक्या पटकन! मला शंकाच आली. कैलासचा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला. भाकरीचा तुकडा हातात, तोंड उघडं. म्हणाला, "असं कुटं असतंय व्हय!" आत्याबाई म्हणाल्या, "असतंय. तुला काय कळतंय." पहिल्यांदा सासू माझ्या बाजूने बोलली. तारीख ठळक करून ठेवते.

१८ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. देव गेले.

गुलजारभाई आले. मी फोनवर शपथ घातली तेव्हा कुठे आले. टेम्पोत काय? एक देव्हारा, एक तांब्याचा हंडा आणि एक पुरचुंडी. "वहिनी, एवढ्यासाठी टेम्पो? मी सायकलवर आनलं असतं." पण देव्हारा त्यांनीच मांडीवर धरला, टेम्पो पुतण्याला सावकाश चालवायला सांगितला, आणि खड्डा आला की स्वतःच "सांभाळ, सांभाळ" ओरडत होते.

परंदवडीला देव मांडले, दिवा लावला, पुरचुंडी दाराच्या वर बांधली. निघायला लागलो तर आत्याबाई चटईवर बसलेल्या. उठेनात. "देवाला एकटं ठिवायचं व्हय? दिवा कोन लावनार? मी ऱ्हाते हितं." आणि पिशवीतून लुगडी, पितळी डबा, गुडघ्याचं तेल बाहेर! म्हणजे ठरवूनच आल्या होत्या.

घर माझं. राहायला गेली सासू! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

१९ डिसेंबर, शुक्रवार

आत्याबाईंचा फोन. "हितं लय बेस हाय. ऊन पार दारात येतं." मी फोन ठेवला.

२५ डिसेंबर, गुरुवार

हायवे तुंबलेला, लोणावळ्यात मुंगी शिरायला जागा नाही, आणि बंगल्यात चौदा पाहुणे. थंडीची शेकोटी पाहिजे, पण धूर नको. गावरान जेवण पाहिजे, पण तिखट नको. एका बाईने विचारलं, "तुम्ही किती लकी, एवढ्या निसर्गात राहता." मी तेव्हा त्यांच्या मुलाने उलटी केलेली गादी धूत होते. हो बाई. लय लकी.

आत्याबाईंचा फोन : शेजारणीने पावटे आणून दिले, दोघी उन्हात बसून सोलत होत्या. माझ्या अंगणात! मी अजून त्या अंगणात एकदा धड बसलेले नाही.

१ जानेवारी, गुरुवार

बाटल्या वेचल्या. चार पोती. हॅपी न्यू इयर.

कैलासला विचारलं, थर्टी फर्स्ट झाला, आता? म्हणाला, "शेटला इचारतो." म्हटलं, विचारा. संक्रांत तेरा दिवसांवर आली, तळेगावचं काम पंधरापासून. गेला आणि झाडांना पाणी घालत बसला. आंबे त्यानेच लावलेत, बावीस. प्रत्येकाशी बोलतो. बायकोपेक्षा जास्त.

२ जानेवारी, शुक्रवार

भांडी तशीच टाकून बसलेय. लिहिते.

दुपारी दोन मुलं आली, हातात टेप, कानात इयरफोन. मागच्या खोल्यांची मापं घ्यायला लागली. म्हटलं, काय हो, कोण तुम्ही? त्यातला अमृत नावाचा म्हणाला, "काकू, तुम्ही अजून इथेच? सरांनी बंगला आम्हाला चालवायला दिलाय ना. या खोल्या पाडून इथे स्विमिंग पूल येणार. आमचा स्टाफ आमच्याबरोबर येतोय."

कधी ठरलं? "दिवाळीतच. सरांनी काकांना पाडव्याला सांगितलं, डिसेंबरला खोल्या रिकाम्या करा म्हणून. काका म्हणाले, थोडे दिवस द्या, आईची तब्येत बरी नाही."

आईची तब्येत! आई तिकडे पावटे सोलतेय!

म्हणजे शेटने कधी अडवलंच नव्हतं. नोव्हेंबरातला टेम्पो शेटने परत पाठवला नाही. त्याआधीचाही नाही. शेट जा म्हणत होते. आणि माझा नवरा मला येऊन सांगत होता, शेट न्हाई म्हनले.

कैलास तेव्हा कामशेतला गॅस आणायला गेला होता. आल्यावर त्याला नुसतं ताट वाढलं. आधी आत्याबाईंना गाठायचं ठरवलं. त्या पौषाचा पण हिशोब आहेच.

३ जानेवारी, शनिवार

सकाळच्या लोकलने तळेगाव, तिथून रिक्षाने सोमाटणे फाटा, पुढे चालत. आत्याबाई ओट्यावर केस वाळवत बसलेल्या. काय तेज चढलंय! मला बघून म्हणाल्या, "ये. चा ठिवू?" माझ्याच घरात मला पाहुणचार!

मी तोंड सोडलं. पौष, पौष करून तुम्ही माझे दिवस खाल्ले, लेकाला सामील झालात, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी कवा म्हनले पौषाचं? कैलासनं म्हनाया लावलं. म्हनला, आई तू पौष काढ, तुजं ती ऐकती."

त्यांचं मी ऐकते! हे बरं आहे. अठरा वर्षांत एकदा ऐकलं, आणि ते खोटं निघालं.

म्हटलं, मग तुम्ही म्हणालात कशाला? "पोरगं हाय माजं. त्वांड बारीक करून आलतं. म्हनले." मग केस झटकत — "तू प्रस्थानाचं काढलंस तवा बरंच वाटलं बग. मला तरी कुटं तितं ऱ्हायचं हुतं. तितं मोठ्यानं खोकाया यायचं न्हाई, पाव्हनं उठतील म्हून."

हे मला माहीतच नव्हतं. अठरा वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही. थंडीत त्या उशीत तोंड घालून खोकायच्या ते मला वाटायचं सवय आहे. मी त्यांना केस विंचरून दिले. चहा पण त्यांनीच केला.

४ जानेवारी, रविवार

विचारलं त्याला. आंब्याच्या आळ्याशी उभा होता, पाइप हातात. म्हटलं, पाडव्याला शेट काय म्हणाले?

पाइप तसाच. पाणी पायावर चाललेलं, तेही कळेना त्याला. मग म्हणाला, "अमृतनं सांगितलं व्हय."

मी खूप बोलले. सगळं लिहीत नाही, काही शब्द लिहिण्यासारखे नव्हते. तो शेवटी म्हणाला, "हितं मला समदे वळखत्यात. कैलासभाऊ म्हनत्यात. बंगलेवाले म्हनत्यात. तितं मी कोन? सारिकाचा नवरा."

म्हटलं, मग इतके दिवस कुणाचे होतात?

त्याने पाइप दुसऱ्या आळ्यात टाकला. मी म्हटलं, बंगलेवाले! गाडी आली की गेट उघडायचं आणि दार लावून मागे जायचं, याला बंगलेवाले म्हणतात? त्या बंगल्याच्या पुढच्या दारातून तुम्ही कधी चपला घालून आत गेलात का? एकदा तरी?

तेव्हा तो खाली बसला. म्हणाला, "कोमल त्या खोलीत पयल्यांदा चालली. तितं आता पोहायचं तळं करनार. आन ह्या झाडांचं काय करतील, कुनास ठाऊक."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. रागही तेवढाच होता, दोन्ही एकदम. मी गुलजारभाईंना फोन लावला, त्याच्यासमोर. बुधवारी या.

५ जानेवारी, सोमवार

जेवायला वेगवेगळे बसलो. पोती मात्र त्यानेच बांधली.

७ जानेवारी, बुधवार

आलो! आलो, आलो, आलो!

गुलजारभाई उतरता उतरता म्हणाले, "वहिनी, आज शेट कोन हाय?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग भरा."

कपाट, दोन पलंग, शिलाई मशीन, कोमलची सायकल, पाटा-वरवंटा. अठरा वर्षांचा संसार एका टेम्पोत मावला, वर जागा उरली. जुना झाडू तिथेच ठेवला. त्यांच्या नव्या स्टाफला लागेल.

कैलासने चाव्यांचा जुडगा पुसून अमृतच्या हातात दिला. सत्तावीस चाव्या. प्रत्येक चावी कशाची ते सांगायला लागला — ही गच्चीची, ही जरा वर उचलून फिरवायची. तो मुलगा म्हणाला, "काका, राहू द्या. लॉक सगळे बदलणारच आहोत." आणि जुडगा खिडकीत ठेवला. मी त्या मुलाला शिव्या घातल्या, मनात. माझ्या नवऱ्याला मी बोलेन. दुसऱ्याने नाही.

पुढे सीट मोकळी होती, तरी कैलास मागे सामानात जाऊन बसला. गुलजारभाईंनी हाका मारल्या. "असू द्या, हितं बरं हाय." सोमाटण्यापर्यंत थंडीने काकडला, पण पुढे येईना. शेवटी मी पण मागे जाऊन बसले. गोधडी एकच होती.

दारात आत्याबाई, हातात भाकरतुकडा. "उजवा पाय! उजवा म्हनले, कैलास!" चुलीवर दूध उतू घालवलं. देव आधीच बसलेले, वीस दिवसांचे जुने रहिवासी. आमच्याकडे असे बघत होते, की या, उशीर केलात.

१० जानेवारी, शनिवार

कोमल आली. आली आणि हसत सुटली. "आई, पप्पा काय करतायत?"

पप्पा पहाटे पाचला उठून मोटर चालू करायला निघतात. मोटर नाहीये. मग अंगण झाडतात, पुढचं, मागचं आणि रस्त्याचंही. पुढच्या दाराने घरात येत नाहीत. वळसा घालून मागून येतात, चपला मागे काढतात. पुढची खोली तर अशी आवरून ठेवलीय, की कुणी यायचंय. काल बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर बसले, पाहुण्यासारखे.

मी आणि कोमल हसून हसून बेजार. पट्टा काढला तरी मान वाकडीच, म्हटलं. कोमल म्हणाली, "आई, असं नको बोलूस." मी म्हटलं, खोटं आहे का? मी नाही आले सगळं झटकून? गेटाबाहेर पाऊल टाकलं आणि संपलं. मागे वळून पाहिलं नाही. कुणाच्या हाडात मुरतं, कुणाच्या नाही.

दोरी बांधली. पुढच्या अंगणात, रस्त्याला लागून, जशी म्हटलं होतं तशी. चिमटे नवे आणलेत, रंगीत.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत! माझ्या दारात एकवीस बायका! माहेरच्या मैत्रिणी, शेजारणी, आणि पावटेवाली ती शेजारीण, जी आत्याबाईंची आता सख्खी झालीय. गर्दी, नुसती गर्दी! गेटवर गर्दी नको म्हणायला गेटच नाही. तिळगूळ वाटला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या लुटल्या. आत्याबाई पुढच्या खोलीत मधोमध बसून मोठ्याने खोकल्या, मुद्दाम. मी एकटीच हसले.

काळी साडी नेसले होते. कैलास मागच्या दारातून बघत होता. सगळ्या गेल्यावर त्याच्या हातावर तिळगूळ ठेवला. "गोड बोला," म्हटलं. म्हणाला, "तू पन."

बघू.

१६ जानेवारी, शुक्रवार

सकाळी धुणं घातलं. गोधड्या, चादरी, परकर, साड्या. पुढच्या दोरीवर, उन्हात. कैलासची कालपासून तळेगावला ड्युटी, दुपारपाळी, म्हणून ओट्यावर बसून चहा पीत होता.

रस्त्यावर हॉर्न वाजला. दोनदा, छोटा.

भानावर आले तेव्हा मी घराच्या मागे उभी. छातीशी सगळं ओलं धुणं. पुढे दोरी रिकामी, चिमटे अंगणभर.

पाववाल्याची गाडी होती.

कैलासने सगळं पाहिलं होतं. हसला असता तर बरं झालं असतं. मला रडू आलं, आवरेचना. तो पुढच्या दाराने आत आला, मागे बाहेर पडला. वेचलेले चिमटे त्याच्या मुठीत होते.

"आन हिकडं," म्हणाला. "मी धरतो, तू टाक."